आयटी प्रोजेक्ट नेमका कशामुळे यशस्वी होतो, हे आपल्याच जुन्या प्रोजेक्टमधून कसं शोधायचं

एखादी सिस्टीम लाईव्ह होऊन वर्ष झालं की तीन जणांना विचारून बघा, प्रोजेक्ट यशस्वी झाला का म्हणून. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणणार झाला ना, वेळेत दिला, बजेटमध्ये दिला. अकाउंट्सवाले म्हणणार गेलेले पैसे दिसतात, वाचलेले कुठे दिसत नाहीत. आणि जी माणसं रोज त्यावर एंट्री करतात ती काही न बोलता दुसऱ्या विंडोत उघडलेली एक्सेल शीट दाखवणार. हे मी स्वतः बघितलंय, स्टॉकची सिस्टीम होती, लाईव्ह होऊन आठ-नऊ महिने झालेले, सगळ्या स्टेटस रिपोर्टमध्ये हिरवा रंग, आणि गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरवर एका फाईलचं नाव होतं ‘खरा स्टॉक’.

यशाच्या घटकांच्या याद्या काय, भरपूर मिळतात. यशाचे मोजकेच घटक पकडायचे ही कल्पना रोनाल्ड डॅनियल यांनी १९६१ मध्ये मांडली, जॉन रॉकार्ट यांनी १९७९ मध्ये तिला पद्धतीचं रूप दिलं, आणि १९८७ मध्ये पिंटो आणि स्लेविन यांची प्रोजेक्टसाठीची दहा घटकांची यादी आली. वरिष्ठांचा पाठिंबा, स्पष्ट उद्दिष्ट, वापरणाऱ्यांशी सल्लामसलत, चांगली माणसं, देखरेख वगैरे. याद्या खोट्या नाहीत, पण इतकी वर्षं झाली तरी त्या फारशा बदललेल्या नाहीत आणि प्रोजेक्ट पडायचे ते पडतातच, कारण ‘वरिष्ठांचा पाठिंबा’ एवढं वाचून सोमवारी ऑफिसात जाऊन नक्की काय करायचं ते कळत नाही. तुमच्याकडे तो पाठिंबा कसा दिसतो, कधी आटतो, आटल्यावर किती दिवसांत चटके बसतात, हे तुमच्याच जुन्या प्रोजेक्टच्या कागदात पडलेलं असतं. ते बाहेर कसं काढायचं ते सांगतो. रोजचं काम सांभाळून एका माणसाला महिना-दीड महिना लागतो, जास्त नाही.

पायरी १: यश म्हणजे काय ते आधी लिहा (इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला)

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि मग पुढचं सगळं काम पाण्यात. यश कशाला म्हणायचं तेच ठरलं नसेल तर त्याचं कारण काय शोधणार?

वेळ, खर्च आणि ठरलेलं काम हा जो त्रिकोण आहे तो सगळ्यांना पाठ असतो. त्याची गडबड समजून घ्यायला एक किस्सा उपयोगी आहे. स्टँडिश ग्रुप या अमेरिकन संशोधन कंपनीने १९९४ मध्ये आयटी प्रोजेक्टवर एक रिपोर्ट काढला, त्यात फक्त १६.२ टक्के प्रोजेक्ट यशस्वी, ५२.७ टक्के रखडत-रडत पूर्ण झालेले आणि ३१.१ टक्के मध्येच बंद पडलेले, असे आकडे होते. ते आकडे अजूनही प्रेझेंटेशनमध्ये फिरत असतात. २०१० मध्ये एव्हलीन्स आणि व्हर्हूफ या दोन संशोधकांनी त्या व्याख्येवरच बोट ठेवलं, की तुम्ही इथे यश मोजतच नाही आहात, अंदाज किती बरोबर आला एवढंच मोजताय. म्हणजे ज्याने सहा महिन्यांच्या कामाला दीड वर्ष मागून घेतलं आणि सव्वा वर्षात दिलं तो यशस्वी, आणि ज्याने प्रामाणिकपणे सहा सांगून सात घेतले तो नापास. तुमच्याकडेही अशी चलाख मंडळी असणारच, त्यामुळे फक्त त्रिकोण घेऊन बसलात तर तुमच्या अभ्यासातून यशाचा पहिला घटक निघेल तो म्हणजे ‘अंदाज फुगवून सांगा’.

दुसरी बाजू डीलोन आणि मॅक्लीन यांच्या मॉडेलमध्ये मिळते. १९९२ मध्ये त्यांनी सहा गोष्टी मांडल्या: सिस्टीमचा दर्जा, त्यातून निघणाऱ्या माहितीचा दर्जा, वापर, वापरणाऱ्याचं समाधान, माणसावर झालेला परिणाम आणि संस्थेवर झालेला परिणाम. २००३ मध्ये त्यात सेवेचा दर्जा आला आणि शेवटचे दोन परिणाम मिळून एकूण फायदा असं केलं. मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं ते माहितीचा दर्जा आणि वापर वेगवेगळे ठेवणं. कारण वापर सक्तीचा असला की तो १०० टक्के दिसतोच. ब्रिटनमधली पोस्टाची होरायझन सिस्टीम घ्या, १९९९ पासून शाखांमध्ये बसवली, सगळ्यांना वापरावीच लागली, आणि तिने दाखवलेल्या हिशेबातल्या तुटीच्या आधारावर ९०० पेक्षा जास्त शाखाचालकांना कोर्टात दोषी ठरवलं गेलं. सिस्टीममध्ये बग होते आणि त्यांच्यामुळे हिशेबात खोटी तूट दिसू शकत होती, हे कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. तोपर्यंत ‘वापर होतोय का’ या रकान्यात बरोबरची खूण होतीच की.

मग लिहायचं कसं? एक पान घ्या आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी तीन तारखांना तीन वेगळे प्रश्न ठेवा.

लाईव्ह झाला त्या दिवशी: ठरलेल्यापैकी काय दिलं, किती दिवस आणि किती पैसे जास्त लागले, आणि मूळ अंदाज कोणी कधी केला होता. मूळ म्हणजे पहिला. चौथ्यांदा सुधारलेला नाही.

सहा महिन्यांनी: लोक खरंच त्यातच काम करतात का, की बाजूला एक्सेल, वही, व्हॉट्सॲप ग्रुप चालू आहे. हेल्पडेस्कला येणाऱ्या तक्रारी कमी होतायत का, तेच तेच प्रश्न परत येतायत का.

दीड वर्षाने: ज्यासाठी पैसे मंजूर झाले ते घडलं का. मंजुरीच्या नोटमध्ये ‘महिनाअखेरचं क्लोजिंग दहा दिवसांवरून चार दिवसांवर’ असं लिहिलं असेल तर आज किती दिवस लागतात ते बघायचं, इतकं साधं. आणि नोटमध्ये असं काहीच लिहिलेलं नसेल, फक्त ‘कार्यक्षमता वाढेल’ असेल, तर तेही लिहून ठेवा, तो पुढे स्वतःच एक सापडलेला घटक ठरू शकतो.

हे पान निदान तीन वेगळ्या खुर्च्यांवरच्या लोकांना दाखवून त्यांची सही नाही पण होकार तरी घ्या. भांडण होणार असेल तर ते इथेच होऊ दे, निष्कर्ष आल्यावर नको.

पायरी २: प्रोजेक्ट निवडा, आणि पडलेले लपवू नका

आठ ते बारा प्रोजेक्ट पुरतात. मोह असा होतो की चांगले झालेले घ्यावेत आणि त्यांच्यात काय सारखं आहे ते शोधावं. हे करू नका. सगळ्या यशस्वी प्रोजेक्टची किक-ऑफ मीटिंग झाली होती हे खरं असतं, पण पडलेल्यांचीही झालेली असते, ती तुम्ही बघितलीच नाही.

निम्मे तरी फसलेले, रखडलेले किंवा बंद केलेले हवेत. विशेषतः असे, ज्यांचं नाव घेतलं की मीटिंगमध्ये शांतता पसरते. फ्लिव्हबियर्ग आणि बुडझियर यांनी २०११ मध्ये १,४७१ आयटी प्रोजेक्टचे आकडे छापले, सरासरी जादा खर्च २७ टक्केच निघाला, ऐकून वाटतं ठीक आहे. पण दर सहापैकी एक प्रोजेक्ट असा होता की जादा खर्च सरासरी २०० टक्के आणि वेळ जवळजवळ ७० टक्के जास्त. म्हणजे खरी माहिती त्या सहाव्या प्रोजेक्टमध्ये आहे, आणि नेमका तोच आपण ‘अपवाद होता हो’ म्हणून बाजूला ठेवतो.

शक्यतो जोड्या लावा. आकार, प्रकार, डिपार्टमेंट जमेल तेवढं सारखं, निकाल वेगळा. अशी जोडी मिळाली की निम्मं काम झालं समजा. जगजाहीर उदाहरण एफबीआयचं. केसच्या फायली कॉम्प्युटरवर आणायची त्यांची व्हर्च्युअल केस फाईल नावाची सिस्टीम २००५ मध्ये सोडून दिली, तोवर साधारण १७ कोटी डॉलर गेले होते. त्याच कामासाठी पुढे सेंटिनल नावाचा प्रोजेक्ट आला, तोही आधी बाहेरच्या कंपनीकडे अडकला, २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, लहान टीम केली, थोडं थोडं करून दाखवत गेले आणि जुलै २०१२ मध्ये सिस्टीम चालू झाली. संस्था तीच, गरज तीच, वापरणारे तेच, त्यामुळे ‘आमचे लोकच बदलाला तयार नसतात’ ही पळवाट इथे चालत नाही, जे बदललं ते काम करायच्या पद्धतीत बदललं. तुमच्याकडेही दुसऱ्यांदा केल्यावर जमलेला एखादा प्रोजेक्ट असेलच, तो पहिला घ्या.

पायरी ३: आधी कागद, मग माणसं

इंटरव्ह्यूला पळू नका. आधी फायली काढा: मंजुरीची नोट, पहिलं शेड्यूल, चेंज रिक्वेस्टचं (मध्येच मागितलेल्या बदलांचं) रजिस्टर, स्टिअरिंग कमिटीचे (प्रोजेक्टचे मोठे निर्णय घेणाऱ्या कमिटीचे) मिनिट्स, बगची यादी, यूएटीचे (लाईव्हच्या आधी वापरणाऱ्यांनीच करायच्या टेस्टिंगचे) साइन-ऑफ, व्हेंडरशी झालेले ईमेल. आणि प्रत्येक प्रोजेक्टची एक टाइमलाइन बनवा, एका ओळीत तारीख, काय झालं, कोणामुळे. मत लिहायचं नाही, फक्त घटना.

मिनिट्समध्ये दोन गोष्टी सोन्यासारख्या असतात. एक म्हणजे हजेरी, कोण स्वतः आलं आणि कधीपासून प्रतिनिधी पाठवायला लागलं. दुसरी म्हणजे ‘पेंडिंग’ मुद्दे. एकच मुद्दा लागोपाठ किती मीटिंगमध्ये पेंडिंग राहिला ते मोजा. मी एकदा असं मोजलं तर आयटम कोड कसा असावा, किती आकडी, या एका प्रश्नावर पाच मीटिंग गेल्या होत्या, तोपर्यंत डेव्हलपर्सनी आपल्या मनाने एक पद्धत धरून अर्धी सिस्टीम बांधली आणि सहाव्या मीटिंगमध्ये निर्णय नेमका उलटा लागला. त्या प्रोजेक्टच्या क्लोजर रिपोर्टमध्ये कारण काय लिहिलं होतं माहितीये? ‘डेव्हलपमेंटमध्ये विलंब’.

कागदांमधून जे मिळत नाही त्याची यादी करा, माणसांना तेवढंच विचारायचं.

पायरी ४: माणसांशी बोला, पण मत विचारू नका

बॅरी स्टॉ यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग केला होता. लोकांचे गट केले, कंपनीच्या आकड्यांवरून पुढच्या विक्रीचा आणि कमाईचा अंदाज करायला लावला, आणि नंतर काही गटांना सांगितलं की तुमचं काम चांगलं झालं, काहींना सांगितलं वाईट झालं. हे सांगणं निव्वळ चिठ्ठी टाकून ठरवलेलं होतं, खऱ्या कामाशी काही संबंध नाही. तरी ‘चांगलं झालं’ ऐकलेल्या गटांनी सांगितलं की आमच्यात संवाद चांगला होता, एकजूट होती, उत्साह होता. आता विचार करा, निकाल लागून दोन वर्षं झालेल्या प्रोजेक्टबद्दल तुम्ही ‘कम्युनिकेशन कसं होतं, एक ते पाचमध्ये सांगा’ असा फॉर्म पाठवला तर काय येणार? यशस्वी प्रोजेक्टला पाच, पडलेल्याला दोन. आणि तुम्ही रिपोर्ट लिहिणार, कम्युनिकेशन हा महत्त्वाचा घटक आहे. अशा फॉर्मवर उभे असलेले रिपोर्ट माझ्या समोर आले की मी आता थेट शेवटच्या पानावर जाऊन किती लोकांनी भरला ते बघतो आणि बंद करतो.

म्हणून घटना विचारा. मी साधारण असे प्रश्न विचारतो:

‘हे काही जमत नाही असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं, आणि ते कोणाला सांगितलं?’
‘त्यांनी पुढे काय केलं?’
‘तुम्ही काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबून राहिलात असा एखादा प्रसंग सांगा, किती दिवस थांबलात?’
‘ट्रेनिंग झालं तेव्हा खरा डेटा होता की नमुन्याचा?’
‘टेस्टिंगला बसलात तेव्हा तुमचं रोजचं काम कोण करत होतं?’

हा शेवटचा प्रश्न साधा दिसतो पण माझ्या अनुभवात यातून जेवढं निघतं तेवढं कशातूनच निघत नाही, कारण उत्तर बहुतेक वेळा ‘मीच, संध्याकाळी थांबून’ असं असतं आणि मग ते टेस्टिंग कसं झालं असेल ते वेगळं विचारावं लागत नाही.

प्रत्येक प्रोजेक्टसाठी निदान चार प्रकारची माणसं: ज्याने पैसे दिले, ज्याने चालवला, ज्याने बांधला, आणि ज्याला वापरावा लागतो. चौथ्यामध्ये साहेब नकोत, खरोखर कीबोर्डवर बसणारा माणूस. एकेकट्याला भेटा, वरिष्ठ खोलीत असतील तर बोलणं झालं नाही असं समजा. नाव कुठे येणार नाही हे आधी सांगा आणि ते पाळा, एकदा कोणाचं नाव फुटलं तर पुढची पाच वर्षं तुम्हाला ‘सगळं छान होतं’ एवढंच ऐकायला मिळेल.

पायरी ५: मोठ्या शब्दाला मोजता येणाऱ्या खुणेत बदला

आता तुमच्याकडे टाइमलाइन आहेत आणि किस्से आहेत. इथून घटक काढायचे, पण ‘लीडरशिप’, ‘कल्चर’ असले शब्द वापरायला स्वतःलाच बंदी घाला. प्रत्येक घटक असा लिहा की तिसऱ्या माणसाने कागद बघून हो किंवा नाही सांगितलं पाहिजे.

वरिष्ठांचा पाठिंबा म्हणजे वर गेलेला प्रश्न किती दिवसांत निकालात निघाला. उद्घाटनाला नारळ कोणी फोडला ते नाही. डायरेक्टरसाहेब पहिल्या दिवशी अर्धा तास बोलले आणि नंतर फिरकले नाहीत, याला मी पाठिंबा म्हणत नाही, आणि जे एकही भाषण न करता फोनवर दोन दिवसांत उत्तर देतात त्यांच्या प्रोजेक्टला मी जास्त गुण देतो.

युजरचा सहभाग म्हणजे खरं काम करणाऱ्या किती लोकांना आठवड्यातले किती तास लेखी सोडलं होतं. रिक्वायरमेंट स्पष्ट होत्या का, याची खूण म्हणजे यूएटी सुरू झाल्यानंतर आलेल्या चेंज रिक्वेस्ट. आधी आलेल्या चांगल्या, लोक विचार करतायत म्हणजे. नंतर आलेल्या महाग.

डेटाचं काम बहुतेक याद्यांमध्ये खालीच कुठेतरी सापडतं, मी ते वर घेईन. जुन्या सिस्टीममधला डेटा नव्यात आणून बघण्याचा पहिला प्रयत्न लाईव्हच्या किती महिने आधी झाला? एकाच ग्राहकाची तीन नावं, बंद झालेले कोड, रिकामे रकाने, हे सगळं पहिल्या प्रयत्नातच बाहेर पडतं, आणि तो प्रयत्न शेवटच्या पंधरवड्यात झाला असेल तर पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

वाईट बातमीचा वेग हा माझा आवडता घटक. टीममधल्या कोणाला पहिल्यांदा कळलं ती तारीख आणि स्टेटस रिपोर्टमध्ये रंग बदलला ती तारीख, यातलं अंतर. काही ठिकाणी चार दिवस असतं, काही ठिकाणी चार महिने, रिपोर्ट हिरवा, हिरवा, हिरवा, आणि लाईव्हच्या तीन आठवडे आधी एकदम लाल. कलिंगडासारखं, बाहेरून हिरवं आणि आतून लाल.

आणि लाईव्ह व्हायची तारीख कशी ठरली तेही एका ओळीत लिहा. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने नवी ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र चालवणारी सिस्टीम) आणि तिच्यासोबत आणखी दोन सिस्टीम एकदम जुलै १९९९ मध्ये चालू केल्या, ४८ महिन्यांचा सुचवलेला वेळ ३० वर आणून, आणि तेही हॅलोवीनच्या ऑर्डर सुरू व्हायच्या तोंडावर. माल गोडाऊनमध्ये होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेत पोचल्या नाहीत. इथे खूण काय घ्याल? ‘खराब प्लॅनिंग’ असं लिहू नका. ‘लाईव्हची तारीख धंद्याच्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांपासून किती लांब होती’ आणि ‘एका वेळी किती सिस्टीम बदलल्या’, हे दोन आकडे घ्या.

पायरी ६: तक्ता मांडा आणि स्वतःशीच वाद घाला

आडव्या ओळीत प्रोजेक्ट, उभ्या रकान्यात घटक, चौकोनात आकडा किंवा हो-नाही. पहिल्या पायरीतलं यश तीन रकान्यांत वेगळं ठेवा, एकत्र करून एकच ‘यशस्वी’ करू नका, कारण लाईव्हला पास आणि दीड वर्षाने नापास असे प्रोजेक्ट असतातच आणि त्यांचे घटक वेगळे निघतात. वेळेवर पूर्ण होण्याला प्लॅनिंग आणि निर्णयाचा वेग लागतो, वापरात टिकायला डेटा आणि सोडलेले तास लागतात, असं काहीसं माझ्याकडे तरी निघालं होतं, तुमच्याकडे वेगळं निघू शकतं.

मग प्रत्येक घटकाला तीन प्रश्न.

पडलेल्या प्रोजेक्टमध्येही तो होता का? असेल तर तो कदाचित गरजेचा असेल पण पुरेसा नाही, किंवा त्याचा काही संबंधच नाही. ‘सर्टिफाइड प्रोजेक्ट मॅनेजर होता’ हा घटक इथे पटकन गळतो, वाईट वाटून घेऊ नका.

उलटं तर नाही ना? म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल. रखडलेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं जास्त दिसतात, तर मोठी टीम हे अपयशाचं कारण की रखडला म्हणून माणसं वाढवली? फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो म्हणून, तेव्हा इथे दोन्ही बाजूंनी खरं असू शकतं. टाइमलाइन उघडा, आधी काय झालं ते तारीख सांगेल, म्हणून तर ती तिसऱ्या पायरीत बनवली. तसंच युजरच्या सहभागाचं, प्रोजेक्ट चांगला चाललाय दिसलं की लोक आपोआप मीटिंगला यायला लागतात, मग सहभागामुळे यश की यशामुळे सहभाग? पहिल्या दोन महिन्यांचीच हजेरी मोजा, हा प्रश्न बराच सुटतो.

तिसरा प्रश्न, मागे दुसरंच काही लपलंय का? बहुतेक वेळा प्रोजेक्टचा आकार लपलेला असतो. लहान प्रोजेक्टला निर्णय लवकर मिळतात, रिक्वायरमेंट कमी बदलतात, आणि ते यशस्वीही होतात, तर मग श्रेय निर्णयाच्या वेगाला की लहान असण्याला? आठ-दहा प्रोजेक्टवरून गणिताने हे सुटणार नाही, इतक्या कमी आकड्यांवर कोरिलेशन (दोन गोष्टी किती सोबत बदलतात त्याचं गणित) काढून दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जोड्या लावल्या होत्या ना, त्यातल्या सारख्या आकाराच्या दोन प्रोजेक्टकडे जाऊन बघा.

शिवाय घटक एकेकटे काम करत नाहीत. लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेची गाड्या पाठवायची सिस्टीम २६ ऑक्टोबर १९९२ ला चालू झाली आणि पहिल्याच दिवशी गोंधळ झाला, गाड्या कुठे आहेत याची माहिती चुकायला लागली, मग चुकीच्या गाड्या पाठवल्या जाऊ लागल्या, लोक परत परत फोन करायला लागले, त्याने यादी आणखी वाढली. ४ नोव्हेंबरला तर ती पूर्ण थांबली, प्रोग्रॅममध्ये राहून गेलेल्या थोड्याशा कोडमुळे प्रत्येक वेळी सर्व्हरची जराशी मेमरी अडकून राहायची आणि ती संपली. चौकशीत जे निघालं त्यात वेळ अशक्य कमी होता, कमी बोली लावणाऱ्या आणि अशा कामाचा अनुभव नसलेल्या कंपनीला काम दिलं होतं, ट्रेनिंग आधीच होऊन शिळं झालं होतं, पूर्ण शहर एकदम नव्या पद्धतीवर टाकलं, आणि पुरेशी टेस्टिंग नव्हती. यातलं एक सुधारलं असतं तर वाचलं असतं का? मला वाटतं भाग-भाग करून चालू केलं असतं तर बाकीच्या चुका असूनही निभावलं असतं, कारण जुनी पद्धत शेजारी चालू राहिली असती. म्हणजे काही घटक यश देतात आणि काही घटक दुसऱ्यांच्या चुका पोटात घालतात. तक्त्यात या दुसऱ्या जातीच्या घटकांवर वेगळी खूण करा. ते स्वस्त असतात आणि लगेच लावता येतात.

पायरी ७: यादी पाचवर आणा

पंधरा घटकांची यादी कोणी वापरत नाही, भिंतीवर लागते. पाच ठेवा, फार तर सहा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: खूण काय, कुठल्या आकड्याला घंटा वाजली म्हणायची, बघणार कोण, आणि घंटा वाजली तर काय करायचं. उदाहरणार्थ, ‘वर गेलेला प्रश्न सात दिवसांपेक्षा जास्त पेंडिंग, बघणार पीएमओ (सगळ्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं आपलंच ऑफिस), झालं तर त्या प्रश्नावर अवलंबून असलेलं काम थांबवायचं आणि थांबल्याचं स्पॉन्सरला (ज्याने पैसे दिले त्याला) त्याच दिवशी लेखी कळवायचं’. सात हा आकडा माझ्या डोक्यातला, तुमचा तुमच्या तक्त्यातून काढा.

बघणारा माणूस प्रोजेक्ट मॅनेजर नको. स्वतःच्या पोराचे पेपर स्वतः तपासल्यासारखं होतं ते.

पायरी ८: चालू प्रोजेक्टवर लावून बघा

आत्तापर्यंत सगळं मागे वळून बघणं झालं, आणि मागे वळून सगळेच हुशार असतात. म्हणून नुकताच सुरू झालेला एखादा प्रोजेक्ट घ्या, तुमचे पाच घटक मोजा आणि निकालाचा अंदाज कागदावर लिहून बंद पाकिटात ठेवा, गंमत म्हणून नाही, खरंच ठेवा. दर तीन महिन्यांनी परत मोजायचं. चुकलात तर कुठला घटक खोटा होता ते कळेल.

सोबत गॅरी क्लाइन यांचा प्रीमॉर्टम करून घ्या, २००७ मध्ये त्यांनी मांडलेली पद्धत, तासाभराचं काम. टीमला बसवायचं आणि सांगायचं की समजा वर्ष उलटलंय आणि हा प्रोजेक्ट साफ आपटलाय, प्रत्येकाने पाच मिनिटांत का आपटला ते लिहा. ‘काय धोके आहेत’ विचारलं की लोक गप्प बसतात, पण ‘आपटलाच आहे, का ते सांगा’ म्हटलं की बोलायची मुभा मिळते, नवीन लागलेली मुलं सुद्धा लिहितात. आलेली कारणं तुमच्या पाच घटकांशी जुळवून बघा. जी जुळत नाहीत ती फेकू नका, एखादा सहावा घटक तिथेच सापडतो, मला ‘व्हेंडरने दाखवलेली टीम आणि प्रत्यक्ष आलेली टीम वेगळी’ हा असाच मिळाला, कुठल्याच कागदात नव्हता आणि एका चिठ्ठीवर होता.

यादीला तारीख टाका आणि दोन वर्षांनी परत करा, कारण टूल बदलतात, माणसं बदलतात, आधी बाहेरून करून घेत होता ते काम आत येतं. आणि दरवेळी सुरुवात त्या सहा महिन्यांच्या प्रश्नाने करा, कीबोर्डवर बसणाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून, दुसऱ्या विंडोत काय उघडं आहे ते बघून.